सगळं बरं हाय की

येळ्ळुरातली पोरं पलटणीत जातात.
बेळगावच्या मैदानावर धावतात, छाती फुगवून मोजून घेतात,
आणि सुट्टीवर आली की वेशीतूनच ओळखू येतात चालीवरून.
मी एकटा पाण्यात गेलो.
सोमाण्णा काका अजून विचारतात,
समुद्रात उभं कुठं राहतोस रे?

उभा राहत नाही, काका. ऐकतो.
मध्यरात्र ते चार, कानावर हेडफोन,
जहाजाच्या पोटातल्या थंड खोलीत
पाणी काय म्हणतंय ते ऐकायची नोकरी.
कोळंब्यांचे थवे असतात, मोहरी तडतडावी तसे.
देवमासा असतो, जुनं दार कुरकुरावं तसा.
आणि दूर, फार दूर एखादा पंखा फिरत असतो,
त्याची पाती किती, हे मी मोजून सांगतो.
सतरा वर्षांत तीनदा चुकलोय.

घरचा फोन बंदर आलं की.
"काय करूलालीस?"
"काय नाही. भात टाकलो."
आमच्याकडच्या बायका टाकलो, आलो, गेलोच म्हणतात;
रत्नागिरीचा जोडीदार हसायचा त्यावर.
"धनू? तू?"
"सगळं बरं हाय की."
त्या की-च्या मागं काय वाजत होतं
ते मला कधी पकडता आलं नाही.

या रजेची पाचवी रात्र.
जमीन हलत नाही म्हणून झोप नाही.
उठून गॅसचा कॉक बघतो, कडी बघतो, पुन्हा कॉक.
पप्पा रात्री पहारा देतात,
असं धनूनं शाळेत सांगितलंय, अभिमानानं.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.
बारीक. एकदा. थांबून पुन्हा.
चांदीच्या कागदाला आतून बोट लागावं तसा.
उंदीर नव्हे.
मग पाण्याचा एक घोट,
मग तांदळाच्या डब्याचं झाकण, हळू, सवयीच्या हातानं.

सकाळी ती भांगलणीला गेल्यावर
मी डब्यात कोपरापर्यंत हात घातला.
बासमतीचा वास, आणि तळाला दुमडलेली फाईल.
नाव कानडीत. अठराव्या वर्षी सुटलेली अक्षरं,
एकेक लावत गेलो:
वै. ज. यं. ता.
तारखा सगळ्या गुरुवारच्या.
गावात सांगायची, बँकेत जातो.
पहिली तारीख दोन वर्षांपूर्वीची. त्या महिन्यात मी
एडनच्या बाजूला
परक्या जहाजांची काळजी वाहत होतो.

आधी राग आला, खोटं कशाला बोलू.
मग आठवला दरवर्षीचा मेडिकलचा फॉर्म.
झोप लागते का. मन उदास असतं का. कुणावर ओरडावंसं वाटतं का.
होय, नाही, नाही,
सतरा वर्षं एका झटक्यात.
कॅटेगरी उतरली की जहाज जातं,
जहाज गेलं की भत्ता,
आणि भत्त्यावर तर वरचा स्लॅब उभा आहे.

गुरुवारी मी स्कूटर पुसून दारात लावली.
"बँकेत?" म्हणालो.
तिनं बघितलं माझ्याकडे, पुष्कळ वेळ.
मग हेल्मेट घेतलं.

दुसऱ्या गेटाला फाटक पडलेलं.
मालगाडी, अठ्ठावन्न डबे. मला मोजल्याशिवाय राहवत नाही.
त्या खडखडाटात ती पाठीमागून काहीतरी बोलली.
"काय?"
"काय नाही."
पण हेल्मेट माझ्या पाठीला टेकलं होतं,
आणि फाटक उघडलं तरी टेकलेलंच राहिलं.

अंगडी डॉक्टरीणबाई मराठी बोलतात, कानडी हेल काढून.
वैजूला विचारून झालं: जेवण, गोळी, रडू.
मग चष्मा माझ्याकडे वळला.
"आणि तुमी? निद्दी? झोप येते काय?"
जिभेवर तयारच होतं माझ्या, घासून गुळगुळीत,
सगळं ब

वैजूनं मान वळवली.
मी अजून बोललो नव्हतो,
तरी तिनं ऐकलं.