गिरणीतल्या रेघा

इथं पाणी येतं का हो, तो विचारतो.
समोरच्या टॉवरात बुकिंग करायचंय.
बायको गाडीत, काच वर.
मी पट्टा उतरवते, जातं घरघरत थांबतं.
कुठलं पाणी, मी म्हणते.

कारण आमच्यात सन कुणी सांगत नाही.
खांडीचं साल म्हणतात:
अवसेच्या उधाणात खारबांध फुटला
आणि हसुराम मढवी उघाडीच्या फळ्या दाबत राहिला
कमरेइतक्या पाण्यात, मग गळ्याइतक्या.
फळ्या सापडल्या.
पुढची तीन वर्षं शेतात भात पेरला
आणि वर आलं पांढरं, खारट काहीतरी
जे बैलानंही हुंगून सोडलं.

मिठाचं साल म्हणतात.
आगरावर राशी लागलेल्या, वर पेंढा शाकारलेला,
व्यापारी सोमवारी यायचा होता.
वादळ शनिवारी आलं.
नामीबाय रिकाम्या कोंड्यांकडे बघून म्हणाली,
खाडीचंच होतं, खाडीनं नेलं,
व्याज नाही मागितलं.
मग आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही.

आणि फ्रिजचं साल, ते तर मीच पाहिलं.
ऐरोलीकडून वाहत आला, उभाच्या उभा,
पाहुण्यासारखा दारात थबकला.
आत दुधाची पिशवी होती. न फुटलेली.
तिचा चहा करावा की नाही
यावर माळ्यावर बसून आमचं भांडण झालं.

बाबा रेघ ओढायचे. पाणी चढताना नाही,
ओसरल्यावर, गाळ वाळला की.
खांडीची कोळशानं,
मिठाची गेरूनं, फ्रिजची निळ्या ऑइलपेंटनं
(तो ट्रकच्या नंबरपाटीतून उरलेला).
पारसिकच्या अंगाला खाण बसली त्या रात्रीची
रेघ मात्र नाही.
वडारांची अकरा माणसं होती तिथं,
दुर्गव्वा रोज माझ्याकडे नाचणी दळायची.
दरडीला पातळी नसते, बाबा म्हणाले,
कोळसा हातात धरून
बराच वेळ भिंतीपुढे उभे राहिले,
मग ठेवून दिला खिळ्याशेजारी.

आता गंमत अशी
की रस्ता दर निवडणुकीआधी वीतभर वर येतो.
त्याच्या मागोमाग आम्ही जमीन उचलली, तीनदा.
खांडीची रेघ बाबांच्या छातीला होती,
आज माझ्या घोट्याला लागते.
कुणी नवखा बघेल तर म्हणेल,
एवढंच?
हसुराम घोट्याइतक्या पाण्यात बुडाला म्हणायचा.

गेल्या साली नगरसेवकाच्या पोरांनी
फुकटात चुना मारून दिला, आतूनही.
नको म्हणेपर्यंत अर्धी भिंत झालेली.
पण बाजरीचं दळण टाकलं की भिंत थरथरते,
पोपडे पडतात,
आणि निळी आधी डोकावते. ऑइलपेंटच तो.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही.
तो घाम पुसत उभा, भला वाटला,
भुवयांवर पीठ बसलेलं.
कितवा मजला, मी विचारलं.
सातवा.
सातव्यावर नाही येत, मी म्हणाले.
तो हसला, सुटल्यासारखा, गाडीकडे वळला.

दळणाला मात्र
खाली यावं लागेल.