सुरुवातीला उघडायची पानं

निनादने लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला
आणि विचारलं, मावशी, सकाळी चालू केल्यावर
आधी काय उघडायचं?

छत्तीस वर्षं माझी सकाळ दुसऱ्यांनीच उघडली.
नाशिकरोडचा भोंगा, मग प्रेसचं फाटक,
मग झडती घेणाऱ्या बाईचे गार हात,
मग टेबलावर नोटांचे न कापलेले ताव,
एकाखाली एक, एकाखाली एक.
उजेडासमोर धरायचा, सरकलेली रेघ शोधायची,
चुकलेल्यावर खूण, बाकीचे मोजून पुढे.
किती कोटी हाताखालून गेले,
मोजले तेवढेच विसरले.
आधी काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

तो म्हणाला, तीन पर्याय आहेत.
कोरं पान.
किंवा काल जिथे थांबलीस तिथूनच पुढे.
किंवा ठरावीक पानं, तू सांगशील ती, सगळी एकदम.

कोऱ्याला मी लगेच नको म्हटलं.
कोरा कागद दिसला की
हात अजून त्याच्या पोटात जलचिन्ह शोधतो.
आणि थांबले तिथून?
काल रात्री मी थांबले होते
गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांच्या किमतीपाशी.
तिथून पुढे कुठे जाणार.

मग लिही, म्हटलं.

पहिलं, गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं.
आमच्या गल्लीत पूर येत नाही, पण
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं
हे कळल्याशिवाय मला चहा उतरत नाही.
गुडघा, कंबर, छाती.
उन्हाळ्यात तिथे शून्य असतं.
शून्यही बघायचं असतं.

दुसरं, शब्दकोडं.
तिसरं, पेन्शनचं, म्हणजे बँकेचं.
बँक अशी आपोआप उघडी ठेवू नये, मावशी, धोक्याचं असतं.
मला हसू आलं. मला सांगतोय,
जिला रोज चाचपून घरी सोडायचे.
बरं, काढ ते.

मग तिसरं, देवासचं हवामान.

त्याची बोटं थांबली.
देवास? मध्य प्रदेशातलं? तिथे कोण आहे?
कुणी नाही.

खरंच कुणी नाही.
तिथल्या प्रेसमधून एक जण आले होते, शाईच्या खात्यातले,
तीन आठवड्यांसाठी, सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये.
निगम. मूळचे कानपूरकडचे. नखांत हिरवा रंग, न जाणारा.
त्यांना ‘ळ’ म्हणता यायचा नाही.
कँटीनच्या रांगेत मी शिकवायचे, म्हणा, जवळ.
ते म्हणायचे, जवल.
वडा गार होईपर्यंत जवल.
त्यांनीच सांगितलं होतं, शाई सगळी हवेवर असते.
वारा कोरडा असला की ताव सुटे राहतात,
दमट दिवशी एकमेकांना चिकटून बसतात.
मी म्हटलं, बसू देत.
त्यावर ते काही बोलले नाहीत.
शुक्रवारी त्यांची गाडी होती.

यातलं निनादला काही सांगितलं नाही.
तो पत्ता चिकटवत होता.
क्रम बदलता येतो, म्हणाला, धरून वर ओढायचं.
मी देवास खालीच ठेवलं.
थप्पीतला शेवटचा ताव
मी नेहमीच जरा जास्त वेळ धरायचे.

आज सकाळी, पाणी भरून झाल्यावर,
एकटीने झाकण उघडलं.
तिन्ही पानं एका दमात उठली, चष्मा सापडायच्या आत.
धरण, शून्य क्युसेक.
कोडं, आडवं सात, अक्षरं चार, सान्निध्य.
सुचलं. लिहिलं नाही अजून.
तिसरं फिरत राहिलं, नुसतं गोल, गोल,
सोसायटीचं नेट असंच आहे.
दुधवाल्याला पैसे देऊन आले, तरी फिरतंच.

मग आलं.
देवास. एकवीस अंश.
आकाश निरभ्र, वारा कोरडा, पश्चिमेचा.

ताव सुटे राहत असतील.