रकाना सात

मुदत जर्मनीच्या घड्याळानं मध्यरात्री संपते.
तार्तूत तेव्हा एक वाजलेला असेल,
म्हणजे मारिकाला एक तास फुकटचा.

हीटर खोकतो. रकाना सात :
संशोधनाचं महत्त्व, दोनशे शब्दांत.
तिनं लिहिलंय ‘ग्रामीण न्यायदानातील सत्तासंबंध’,
खोडलंय, परत तेच लिहिलंय.
गेल्या वर्षीचा नकार सभ्य होता :
अर्ज फार आले होते.

रीगाच्या दप्तरखान्यातल्या एका पानाची नक्कल तिच्याकडे आहे,
सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या,
परक्या भाषेतल्या, भाडोत्री कारकुनाच्या हातच्या.
अर्जदार मादली, विधवा.
जमीनदारानं गाय नेली, ती परत मिळावी.
लिहिणावळ सहा अंडी.
सहीच्या जागी तीन फुल्या,
तिसरी वाकडी, कुणी कोपर ओढल्यासारखी.
पाठीमागे नुसतं ‘पाहिले’.
निकाल मिळत नाही.
मारिकानं दोन हिवाळे शोधला.

सरांचं शिफारसपत्र दुपारी आलं, इस्पितळातून :
‘पोरगी चिवट आहे.
कागद हातचा सोडत नाही.’
बस, एवढंच.

खर्चाचा तक्ता : रेल्वे, राहणं, छायाचित्रांची फी.
अंडी कुठल्या सदरात घालायची
असं मनात येऊन ती एकटीच हसते,
मग हसू तसंच ओठांवर राहून
थंड होतं.

बारा चाळीस.
रकाना सात ती अख्खा पुसते.
‘एक गाय होती’ इथून सुरू करते.
उरले शब्द एकशे सत्त्याण्णव,
मिनिटं वीस,
आणि गाय अजून जमीनदाराच्या गोठ्यात.