सहीपुरती जागा

म्हापशाच्या बाजारामागे माझं फ्रेमांचं दुकान.
देव, मयत आणि दहावीत पहिले आलेले
एकाच पट्टीत बसवतो मी, बारा बाय सोळा.

कुस्तोदियो मिनेझिश मात्र मापाबाहेरचा.
हळदोण्याहून स्कूटरवर यायचा,
गुडघ्यांमध्ये पत्र्याची पेटी,
पेटीत धर्मगुरू.
सहीचे. बिनसहीचा फुकट दिला तरी नको.
"तोंड कोणीही विकतो, मांद्रेकार.
हात पाहिजे. कागदावर टेकलेला हात."

पहिला आणला तो एक बिशप,
एकोणीसशे अकराचा, जाड भुवयांचा,
अंगठीचं बोट कॅमेऱ्याकडे जरा पुढे केलेलं.
खाली तिरकी सही: आधी बारीक क्रूस, मग नाव,
मग बेंसांव धाडल्याच्या दोन ओळी
कुणा दोना एर्मेलिंदाला.
ही एर्मेलिंदा कोण, ते आम्ही चार वर्षं शोधलं.
सापडली दिवाडीच्या सिमितेरीत,
बिनलग्नाची, गवताखाली.

मग एका मठाचे स्वामी,
व्याघ्रांबर, पायांत खडावा,
सही म्हणून नुसतं 'श्री' आणि जांभळी मोहोर.
भिंग लावून कुस्तोदियो म्हणाला,
हे अक्षर कारकुनाचं. शिक्का मारताना हात निसटलाय.
मी तारखेवरून जुनं पंचांग काढलं. एकादशी.
"म्हणजे बिचारा उपाशी," तो म्हणाला,
आणि पैसे मोजले.

गोव्यात कागद जगत नाही.
बुरशी आधी दाढीत शिरते,
कसर कडा खाते,
आणि जुन्या फोटोतली चांदी हळूहळू वर येते.
काळ्या झग्यात बघावं तर आपलंच थोबाड,
चष्म्यासकट.
एका कापुचिन पाद्रीच्या छातीत बघून
मी कितीदा भांग सारखा केलाय,
देव क्षमा करो, दोघांचाही.

एका श्रावणात त्यानं कोरा पुठ्ठा आणला.
फोटो चिकटवायचा तसाच, सोनेरी कडेचा,
तळाशी स्टुडिओचं उठावदार नाव.
मध्ये काही नाही.
फक्त उजवीकडून डावीकडे गेलेली एक सही,
नुक्ते टाकताना टाक कागदात रुतलेला.
साखळीकडचे काझी होते म्हणे.
फोटोवाला होडीतून तिपाई घेऊन गेला,
त्यांनी चहा पाजला आणि तसवीर नाकारली.
तो रिकामा परत निघाला तेव्हा वाईट वाटलं त्यांना.
म्हणाले, नाव घेऊन जा.
जिथे मी बसलो असतो
तेवढी जागा सोडून खाली लिहितो.

ती फ्रेम करताना हात कापला माझा.
काच घातली, खिळे ठोकले,
उलटी केली, परत सरळ केली,
आणि चेहऱ्याची जागा कापडानं पुसत राहिलो.

कुस्तोदियो फेब्रुवारीत गेला.
लिस्बनहून मुलगा आला, अकरा दिवसांची रजा.
जड म्हणून फ्रेमा काढायला मला बोलावलं.
त्रेसष्ट काढल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीत किंमत,
कुणाकडून घेतली ते,
आणि त्या दिवशी जेवायला काय होतं.
बिशपामागे: सुंगटांची करी, मीठ जास्त.
काझींच्या मागे काहीच नव्हतं.
तिथेही त्यानं जागा सोडली होती.

"हा तर कोराच आहे," मुलगा म्हणाला.
"काच चांगली आहे, तुम्ही ठेवा."

आता ती दुकानात आहे, गल्ल्याच्या वर.
शुक्रवारी बाजाराला आलेल्या बायका विचारतात,
ही रिकामी केवढ्याला?
मी सांगतो, ती भरलेली आहे.
त्या हसतात, दुसरी बघतात.

चारच्या सुमारास ऊन त्या भिंतीवर येतं.
जुनी शाई, उन्हात टिकायची नाही.
हातातलं काम टाकून उठतो मी,
आणि खांद्यावरचा पंचा
तिच्यावर घालतो.