मुन्शीचा जबाब

समितीनं विचारलं, तुमचं काम काय?
मी म्हणालो, तारखा.
डायरीत लिहायच्या, बाबूकडून मागून घ्यायच्या,
पक्षकाराला सांगायच्या :
पुढची बुधवारी, जेवून या.

एकवीस वर्षं विश्वंभर लांजेवार वकिलांचा मुन्शी मी.
कोर्टामागं कडुनिंब, त्याखाली टिनाची शेड,
टेबल क्रमांक छप्पन्न.
एक पाय तोकडा, त्याखाली जुन्या निकालाची घडी.
मे महिन्यात टिन तापलं की
साहेब दुपट्टा ओला करून डोक्यावर घेत,
आणि पुकारा झाला की तोच दुपट्टा माझ्याकडे फेकून
कोटात हात घालत घालत आत.
बोलायला लागले की जज्जसुद्धा पेन खाली ठेवायचे.
हेही लिहून घ्या, मी म्हणालो.
त्यांनी नाही घेतलं.

शेवंताबाई नेवारे, राहणार कन्हान.
नवरा सायकलवर, कामठी रोड, ट्रक.
सात वर्षांनी चार लाख बारा हजार, व्याज वेगळं.
पैसे उचलायच्या अर्जावर अंगठा हवा होता.
कोणचा जी, ती म्हणाली, डावा का उजवा?
लोकांची भांडी घासून घासून
अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.
मी तिचं मनगट धरलं, अंगठा पॅडवर घोळवला,
तीनदा घेतला.
तिसरा कोऱ्या कागदावर.
राहू दे एक, साहेब म्हणाले, कामी येतो.

तिला चाळीस हजार मिळाले.
बाकीचे अपिलात अडकले, बाई.
अपील नव्हतं.
पण अपिलाच्या तारखा होत्या.
त्या मी देत होतो.
दोन वर्षं ती येत राहिली, कधी पदरात शिंगाडे बांधून,
मुलांना द्या म्हणायची, आणि मी घरी नेत होतो.

मग तिचा भाचा आला, कुठंसा कॉम्प्युटर शिकलेला,
त्यानं नक्कल काढली.
नक्कल खोटं बोलत नाही, तिला बोलताच येत नाही.

समितीनं मला खूप विचारलं.
एक विचारलं नाही.
नऊ मे रोजी रक्कम उचलली.
चौदा मे रोजी मेडिकल चौकातल्या दवाखान्यात
माझ्या पोराचं आतडं कापलं, बिल साहेबांनी भरलं.
पावती मागायची नाही, म्हणाले, तू घरचाच.
तारखा जुळवणं हाच माझा धंदा,
मी त्या रात्री जुळवल्या,
आणि सकाळी पोराला पेज भरवली.

सनद रद्द. सूचीतून नाव कमी.
साहेबांनी गळ्याचे पांढरे बँड सोडले,
चष्म्यासारखे घडी करून खिशात ठेवले,
मला म्हणाले, डायरी तुझ्याकडेच राहू दे.
अजून येतात साडेदहाला, पांढरा शर्ट, बिनकोटाचे.
टपरीवर उभे राहून चहा घेतात.
आतून पुकारा ऐकू आला की
त्यांचे खांदे आपोआप मागं जातात,
कोणी कोट धरून उभं असावं तसे.

मुन्शीला सनद नसते.
काढून घ्यायला काही नसतं.
मी आता टेबल एकोणसाठवर, धुर्वे मॅडमकडे.
त्यांना माझं सगळं माहीत आहे.
त्या माझ्यादेखत पाकीट मोजतात. बरं वाटतं.

परवा शेवंताबाई आली. वसुलीचा अर्ज लागलाय तिचा.
पुढची तारीख कोणची जी?
माझा हात डायरीकडे गेला, थांबला.
म्हटलं, बाई, माझं ऐकू नका.
आत फळ्यावर लागलंय,
कोणालाही वाचायला सांगा.
ती हलली नाही.
पदर सावरला, टेबलाला टेकली.
अनोळखी मानसाले काय विचारू,
तुमीच वाचून द्या न जी.