भिंतीची रेघ

जेलची बाटली आधी पातेल्यात, कोमट पाण्यात.
डिसेंबरात टिळकवाडीत सकाळी नळसुद्धा चावतो,
आणि उंदीर गारठला की काळीज मंदावतं,
मग सगळे आकडे खोटे.

ईरण्णा पिंजरा आणतो. चिठ्ठीवर फक्त सतरा.
कुणाला औषध, कुणाला नुसतं मिठाचं पाणी,
ते कपाटातल्या वहीत. किल्ली सरांकडं.
मला कळता कामा नये.

नाकाशी भुलीची नळी. मिशा थांबतात.
चार पाय चार पट्ट्यांवर, चिकटपट्टीनं;
तिळाला बोटं फुटावीत तसले तळवे.
छातीवरचे केस कालच क्रीमनं काढले,
खालची कातडी बाळाच्या टाळूसारखी उडते.

प्रोब दाबायचा नाही. टेकवायचा,
ओल्या रंगाला बोट लावून बघतात तसा.
बरगडीची सावली, फुप्फुसाचा धुरळा,
आणि मग ते, ओल्या तुरीच्या दाण्याएवढं,
मिनिटाला चारशे ऐंशी.
पडद्यावर दोन भिंती, वरची नि खालची,
मधला काळोख रक्ताचा.
शिवणमशीन कापडाविना पळावं
तशा जवळ येतात, लांब जातात.

आता रेघ मारायची.
भिंत कुठं संपली, रक्त कुठं सुरू झालं.
बेळगावात वाढलेल्या पोरीला
हे विचारू नये खरं तर.

मी मारते : चार पॉइंट दोन.
दाक्षायणी येते, माझं न बघता मारते : चार पॉइंट तीन.
"निंदु सण्णदु," म्हणते.
"तुझंच मोठं," मी म्हणते.
तीन वर्षं ती तिच्यात, मी माझ्यात,
आणि तक्त्यात जाते दोघींची सरासरी.
त्यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

आकुंचन अठरा टक्के.
गेल्या महिन्यात याचंच चौतीस होतं.
तक्त्याला एवढं पुरतं.
ईरण्णाला नाही. "दमलाय काय हो हा?"
मी म्हणते, माहीत नाही.
वही बंद आहे म्हणून म्हणते.
आकडा तर समोरच आहे.

नळी काढली. पाठीखालचा तवा अजून गरम.
एक मिशी हलली. मग दुसऱ्या बाजूची.
उठून बसला, आणि आधी काय केलं,
तर पुसूनही राहिलेलं जेल
चाटून काढायला लागला छातीवरनं,
सावकाश, कुठं घाई नसल्यागत,
मिनिटाला चारशे ऐंशीनं.

ईरण्णा अठरा आणायला गेला.