ओ

गंगापूर रोडच्या कॉलेजात, जिन्याशेजारची खोली.
आधी तिथं टायपिंगची यंत्रं होती, आता आम्ही अकरा जण.
फळ्याच्या डाव्या अर्ध्यात फ्रेंच, उजव्यात स्पॅनिश,
मधली खडूची रेघ रोज थोडी सरकते
गर्गे मॅडमना ज्याची घाई असेल तिकडून.

मावसभाऊ म्हणाला, जर्मन तरी घ्यायचं,
सातपूरच्या कंपन्यांत चालतं.
वडील काही म्हणाले नाहीत.
ते दिंडोरीकडच्या बागा छाटतात, दुसऱ्यांच्या.
फीच्या पावतीची घडी त्यांनी
कात्रीच्या म्यानात ठेवली.

पहिल्याच आठवड्यात कळलं, टेबल बाई आहे.
घर बाई आहे, पुस्तक बुवा.
आपलं तिसरं लिंग तिकडं कुणी ठेवून घेत नाही.
ते घर, ते पुस्तक, ते पाणी,
सगळ्यांना दारातच विचारतात:
तो, की ती?
मागच्या बाकावरून वाल्मीक म्हणाला,
मग आपलं ‘ते’ जातं कुठं, मॅडम?
मॅडम हसल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी उजव्या अर्ध्यात एकच शब्द होता: लो.
स्पॅनिशनं एवढंच राखून ठेवलंय, म्हणाल्या,
हातात न येणाऱ्या गोष्टींसाठी.
जे चांगलं, ते. जे राहून गेलं, ते.
वाल्मीकनं वहीत घेतलं नाही, तळहातावर घेतलं.

‘मे गुस्ता’ समजवायला इंग्रजी पुस्तकाला दीड पान लागलं होतं,
बाण, चौकटी, कर्ता कुठं नि कर्म कुठं.
सायमा कोकणीनं तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटलं.
हे तर ‘मला आवडतं’ आहे, म्हणाली,
आपण काय ‘मी आवडते चिवडा’ म्हणतो का?
त्या दिवशी माद्रिद
जुन्या नाशकाहून पंचवटीइतकं जवळ होतं,
मध्ये फक्त एक पूल.

दुसऱ्या वर्षी कादंबरी. पहिल्या पानापासून बर्फ पडत होता.
मी पाहिलेला बर्फ रसवंतीवरचा,
गोणपाटात, लाकडाच्या भुशात.
चाळीस पानं मी तो भुसा झटकत राहिले.
मग कुठंतरी तो पडायला लागला,
नायिका दार उघडून उभी, काही बोलत नव्हती,
आणि मला स्वेटर घ्यावासा वाटला. मे महिन्यात.

रविवारी वायनरीत मुंबईकरांना फिरवते.
तेरवार, मी सांगते, म्हणजे माती, उतार, ऊन,
त्या जागेचं जे जे म्हणून असतं ते, दाण्यात उतरलेलं.
हा शब्द वडिलांना सांगितला.
ते म्हणाले, म्हणजे वाफसा?
नाही. वाफसा त्यांच्याकडे नाही.
सांगायचं तर एक अख्खं वाक्य लागतं:
माती ओली, पण पायाला चिकटत नाही, तेव्हाची.
वडिलांनी बराच वेळ विचार केला.
मग ते लोक पेरतात कधी?

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं,
वडील काय करतात?
‘पोदादोर’, मी म्हणाले.
घरी कधी मोठ्यानं न सांगितलेलं
तिथं इतकं सहज, र थोडा जास्तच फिरवून.

आणि पाणी. फ्रेंचमध्ये ते ती आहे.
लिहायला तीन अक्षरं, तिन्हींत ओ नाही,
म्हणायचं मात्र नुसतं: ओ.
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

काल ढिकल्यांच्या बागेत, ओळीच्या पार टोकाहून
वडिलांनी हाक मारली.
पानांमागं ते दिसत नव्हते.
मी ओ दिली
आणि कॉक फिरवला.
ठिबकच्या नळीत आधी हवा खोकली, दोनदा,
मग आलं ते,
आली ती,
पहिल्या वेलीच्या बुडाशी.